वीस बाय दहाचं अभिनंदन

गुरुवारी सकाळी साडेसहाला शिवानंद सरांनी अणदूरच्या चौकात मोटारसायकलचा ब्रेक एवढ्या जोरात दाबला, की मागं बांधलेली साहित्याची पिशवी त्यांच्या पाठीत येऊन आदळली. विजेचा खांब आणि कडुलिंबाचं झाड यांच्यामध्ये काल संध्याकाळपर्यंत नुसतं आभाळ दिसत होतं. तिथं आता बारा बाय आठचा फ्लेक्स ताणून बांधला होता. गावात त्याला डिजिटल म्हणतात. 'अणदूरची वाघीण कु. राजनंदिनी हिची पुण्याच्या नामांकित कॉलेजच्या खो-खो संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', असं त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं.

वाघीण स्वतः उजव्या कोपऱ्यात होती. मधली सगळी जागा तिचे काका उत्तरेश्वरराव यांनी पांढऱ्या कपड्यांत, कानाला मोबाइल लावून व्यापली होती. त्यांच्या आजूबाजूला शुभेच्छुक म्हणून घरचे, भावकीतले आणि पाहुण्यांतले मिळून सतरा फोटो होते. सहा वर्षं पोरीला पहाटे मैदानावर पळवणाऱ्या शिवानंद सरांचा फोटो त्या सतरांत नव्हता. हे सरांनी दोनदा मोजून पाहिलं आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं स्वतःला सांगितलं.

खरी अडचण वेगळीच होती. निवड झालेलीच नव्हती.

झालं होतं ते एवढंच. राज्य स्पर्धेत राजनंदिनीचा खेळ पाहून पुण्याच्या एका कॉलेजच्या प्रशिक्षक देवश्री मॅडम यांनी सोमवारी सरांना फोन केला होता. "यादीत अकरा मुली आहेत आणि जागा चार. निवड झाली तर फी, होस्टेल, मेस सगळं कॉलेजचं. मी प्रत्येकीच्या गावी स्वतः जाऊन येते. तुमच्याकडे रविवारी तीन वाजता. तोवर काही पक्कं समजू नका आणि कुठं बोलू नका," असं त्यांनी बजावलं होतं.

सर कुठं बोलले नाहीत. फक्त पोरीच्या वडिलांना, म्हणजे ज्ञानोबांना, सांगणं भाग होतं. कारण परंड्याच्या एका स्थळाकडून त्यांना महिन्याभरात तीनदा निरोप आला होता. मुलाला बागायती शेती होती, आणि बारावीचा निकाल लागला की उरकून टाकू, असं ज्ञानोबांच्या बोलण्यात अधूनमधून येऊ लागलं होतं. तेव्हा पुणं की परंडा, एवढाच प्रश्न होता. ज्ञानोबांनी कुणाला सांगणार नाही म्हणून खंडोबाची शपथ घेतली आणि शपथेसकट ती गोष्ट फक्त धाकट्या भावाच्या कानावर घातली.

तो धाकटा भाऊ म्हणजे उत्तरेश्वरराव. त्यांना ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं.

सर तडक त्यांच्या दारात गेले. उत्तरेश्वरराव ओट्यावर बसून दात घासत होते.

"उत्तरेश्वरराव, ते डिजिटल काढा."

"का वो? फोटो चांगला न्हाय आला का माजा?"

"फोटोचं सोडा. निवड झालेली नाही अजून. मॅडम रविवारी येणारेत बघायला."

"मंग रविवारी हुईल की. तीन दिसांचा तर फरक हाय. शिवरात्रीचं डिजिटल बी आपण आठ दिस आधीच लावतो."

"शिवरात्र नक्की असते. ही निवड नक्की नाही. मॅडमनी हे बघितलं तर म्हणतील, ह्या लोकांनी आपल्याला गृहीतच धरलं. नाव कापतील पोरीचं."

उत्तरेश्वररावांनी शांतपणे चूळ भरली. "सर, तुमी शिकलेली माणसं, तुमाला न्हाय कळायचं. त्याच्यावर सतरा जणांची तोंडं हायती. डिजिटल काढलं की सतरा जण दारात येऊन इचारणार, आमचं काय चुकलं? उत्तर कोण देणार, तुमी?"

सरांची तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढवून उपयोग नव्हता. शाळेचं मैदान सपाट करायला ट्रॅक्टर उत्तरेश्वररावांचाच येत असे.

दुपारी सोलापूरच्या बसप्पा सरांचा फोन आला. तेही एका कॉलेजचे क्रीडा शिक्षक. पुण्याचं नाहीच जमलं, तर राजनंदिनीला आपल्या संघात घेऊ, असा शब्द त्यांनी दिला होता. परंड्याला अडवायला सरांनी हा एक दुसरा बांध घालून ठेवला होता.

"शिवानंद सर, अभिनंदन," बसप्पा सर फुगलेल्या आवाजात म्हणाले. "आपल्याला बाहेरून कळावं, याचं वाईट वाटलं. चार ग्रुपवर फोटो आला."

"अहो सर, तसं काही नाही. ते डिजिटल चुकून लागलंय."

"डिजिटल चुकून लागतं का सर? वीस माणसं आहेत त्याच्यावर."

"सतरा," सर म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"असो. आम्ही आमची जागा अक्कलकोटच्या पोरीला दिली. सकाळीच फॉर्म भरून घेतला."

आता पुण्यावाचून काही उरलं नाही. सर पुन्हा ओट्यावर गेले आणि या वेळी अक्षरशः हात जोडले. उत्तरेश्वररावांचं मन द्रवलं. "तुमच्या शब्दाला मान म्हणून पट्टी मारतो," ते म्हणाले. 'झाल्याबद्दल' या शब्दावर 'होणार असल्याबद्दल' अशी पट्टी चिकटवायची, असं ठरलं. हे काही फार शहाणपणाचं होतं अशातला भाग नाही, पण पडलेल्या भावात तेच चांगलं होतं.

पट्टी शुक्रवारी आली. सांगितली होती वीतभर रुंद, आली दीड हात. चिकटवणाऱ्यानं ती अगदी मन लावून, एकही सुरकुती न पडू देता चिकटवली. तिच्याखाली तो शब्द झाकला गेला आणि फोटोंच्या वरच्या ओळीतले राजनंदिनीचे थोरले मामा सोमलिंग हेही कपाळापासून हनुवटीपर्यंत झाकले गेले. सोमलिंग मामा तासाभरात येडशीहून गाडी काढून चौकात हजर झाले.

"भाचीचं अभिनंदन आन् मामाच्या तोंडावर पट्टी?" ते रस्त्यातूनच ओरडले. "पुढं लग्नात मामा लागंल का न्हाय तुमाला? का तवा बी पट्टीच उभी करनार?"

त्यांना घरात नेऊन जेवू घातलं तरी ते पट्टीवरून हलेनात. शेवटी तोड निघाली ती अशी, की नवीन डिजिटल करायचं. मामांना वरच्या ओळीत मध्यभागी घ्यायचं. आता करतोच आहोत तर पहिल्या वेळी राहिलेले सहा जणही घ्यायचे, आणि एवढी माणसं मावायची तर आकार वीस बाय दहा. शिवानंद सरांना हे कळलं ते शनिवारी संध्याकाळी, नवं डिजिटल चौकात चढल्यावर. छापखान्यात जुनाच मजकूर गेला होता. पहिल्याच ओळीत पुन्हा ठसठशीत 'निवड झाल्याबद्दल' होतं. सरांनी तेवढंच वाचलं, खाली बघायचं टाळलं आणि मोटारसायकल वळवली. त्या तेवीस तोंडांपैकी एकही त्यांना बघवत नव्हतं.

रविवारी नळदुर्गला भावकीतलं लग्न होतं. साडेबाराचा मुहूर्त होता आणि उत्तरेश्वररावांसकट निम्मं गाव तिकडं गेलं होतं. उरलेलं निम्मं मे महिन्याच्या उन्हाला भिऊन दारं लावून पडलं होतं. चौकात फक्त एक कुत्रं होतं, तेही सावलीत. शिवानंद सरांच्या आयुष्यात चोरीचा म्हणून एकही प्रसंग नव्हता. हजेरीपत्रकात साधी उशिराची लाल खूण नव्हती. पण एक वाजता ते शाळेची शिडी खांद्यावर घेऊन चौकात आले, वर चढले आणि भराभर सुतळ्या कापू लागले. तीन कोपरे सुटले. चौथ्याची गाठ खांबाला इतकी आवळली होती, की ती कापताना सरांचा तोल गेला आणि घाईघाईत त्यांनी डिजिटल तसंच ओढलं. टर्रकन आवाज झाला. कोपऱ्याचा एक तुकडा खांबाला लोंबकळत राहिला. तो काढायला वेळ नव्हता. सरांनी डिजिटलची घडी घातली, शाळेच्या मैदानावर नेली आणि पत्र्याच्या शेडमध्ये पोरींच्या सरावाची मॅट उचलून तिच्याखाली पसरली. मग घटाघट पाणी प्याले. आता मॅडम येतील, पोरगी बघतील, खेळ बघतील आणि जातील. डिजिटलचं पुढचं पुढं.

दोन वाजता राजनंदिनी अंग मोकळं करायला आली. ही पोरगी बोलायला काटकसरी. खांबावर सूर मारून गडी टिपण्यात जिल्ह्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायची. शेडमध्ये जाऊन तिनं मॅटवर पाच-सहा सूर मारले, थांबून मॅटकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं आणि काही न बोलता मैदानावर पळायला गेली.

पावणेतीनला सरांचा फोन वाजला.

"सर, मी देवश्री बोलतेय. अणदूर तीन किलोमीटर दाखवतंय, पण गाड्या जागच्या हलत नाहीयेत. पुढे कसलं तरी आंदोलन चाललंय म्हणतात."

"आंदोलन? कसलं?"

"ट्रकवाले सांगतायत, कुणीतरी काहीतरी चोरलंय."

मोटारसायकल काढून सर फाट्यावर पोहोचले, तर अख्खा महामार्ग दोन्ही बाजूंनी तुंबला होता. मधोमध आडव्या लावलेल्या ट्रॅक्टरवर उत्तरेश्वरराव उभे होते. गावातून फोन जाताच लग्नातून परस्पर आल्यामुळं त्यांच्या डोक्याला गुलाबी फेटा होता. समोर डांबरावर बसलेल्या शे-दीडशे माणसांच्या डोक्यालाही तेच गुलाबी फेटे होते. पुढच्या रांगेत ज्ञानोबा मांडी घालून बसले होते. साधा पाण्याच्या पाळीवरून कुणाशी कधी न भांडलेला माणूस, पण आज त्यांचाही फेटा तिरका झाला होता.

"डिजिटल आमच्या लेकीचं हाय," उत्तरेश्वरराव माइकवर सांगत होते. "इरोधकांनी भर दुपारी गाव लग्नाला गेल्यालं बघून डाव साधला. जवर आमचं डिजिटल भेटत न्हाय, तवर हितलं चाक हलनार न्हाय."

शिवानंद सरांनी कपाळावर हात मारला. सहा वर्षांची मेहनत, राज्य स्पर्धा, पहाटेच्या फेऱ्या, सगळं एका कापलेल्या सुतळीवर येऊन लोंबकळत होतं, आणि सुतळी कापणारे विरोधक आपणच. हे खाली बसून कबूल करावं, तर दीडशे फेटे अंगावर येणार. न करावं, तर मॅडम इथूनच गाडी फिरवणार. सरांना स्वतःचा एवढा संताप आला, की शेजारच्या ट्रकच्या चाकाला त्यांनी लाथ मारली. लागलं त्यांनाच.

लंगडत लंगडत ते गाड्यांच्या रांगेतून मॅडमची गाडी शोधत निघाले. गाडी सापडली, पण रिकामी होती. मॅडम पुढं रस्त्याच्या कडेला बाभळीखाली दगडावर बसल्या होत्या. हातात ताकाचा तांब्या होता. शेजारी राजनंदिनीची आज्जी सारजाबाई पाय पसरून बसली होती. आंदोलनाला घरची माणसं कमी पडू नयेत, म्हणून तिला रिक्षानं आणलं होतं.

"तर मी काय म्हनत हुते," सारजाबाई सांगत होती, "परंड्याच्या पावण्यांचा परवा फोन आला. ते डिजिटल त्येंच्याबी मोबाइलात गेलं हुतं. म्हनले, पोरगी पुण्याला चालली असं लिवलंय, मंग आमी काय समजायचं? आमचा ज्ञानोबा तसा लई मऊ. त्याला न्हाय म्हनता येत न्हाय कुनाला. पर काय करतो, चौकात लागलंय, सगळ्या सोयऱ्यांचे फोटू हायती. म्हनला, व्हय, चालली. चार वरीस लग्नाचं काडू नका. बोलून बसला आन् मंग घाम पुसला."

"आणि तुम्हाला काय वाटतं, आज्जी?" मॅडमनी विचारलं.

"म्या काय सांगू? माजा बी फोटू हाय की त्याच्यावर. दुसऱ्या वळीत. फोटू दिला म्हंजी शबुद दिला."

"मॅडम," सर पुढं होऊन अजिजीनं म्हणाले, "मी शिवानंद. जो काही प्रकार झालाय, त्याबद्दल मी माफी मागतो. गावातली माणसं अडाणी नाहीत, पण उतावळी आहेत. तुम्ही कृपा करून मैदानावर चला. फक्त दहा मिनिटं पोरीचा खेळ बघा."

"खेळ मी जानेवारीतच पाहिलाय, सर. खेळ बघायला एवढं ऊन खात कोण येईल?" मॅडमनी तांब्या खाली ठेवला. "मी घर बघायला येते. गेल्या दोन वर्षांत माझ्या तीन चांगल्या मुली दिवाळीच्या सुट्टीला म्हणून घरी गेल्या आणि पत्रिकाच आली. जागा वाया, मुलगीही वाया. आई-वडील तोंडावर हो म्हणतात, लिहूनसुद्धा देतात. त्याचा काही उपयोग होत नाही. इथे तर, आज्जी म्हणतात, तेवीस जणांनी चौकात फोटो लावून सांगितलंय. आता मुलीला परत बोलवायचं म्हटलं, तर तेवीस घरं गावात तोंड कसं दाखवतील?" त्यांनी फाट्याकडं हात केला. "आणि ते डिजिटल गेलं म्हणून हायवे बंद करतात. अशी खात्री मला आजवर एकाही घरानं दिलेली नाही."

तीन दिवस ज्याच्यापायी सर लोकांच्या पाया पडले होते, ते भलतीकडंच निघालं होतं.

"राजनंदिनीचं नाव मी पक्कं करते," मॅडम उठत म्हणाल्या. "फक्त त्या बॅनरचा फोटो पाहिजे. आमचे प्राचार्य विचारतात, घरच्यांची तयारी कशावरून. त्यांना दाखवेन. सापडेल ना ते?"

"सापडेल," सर म्हणाले. "म्हणजे, सापडायला हरकत नाही."

ही बातमी माइकवर गेली आणि दीडशे फेट्यांनी एकच गलका केला. ट्रॅक्टर बाजूला झाला, गाड्या सुटल्या. पण उत्तरेश्वररावांचा चेहरा पडला. "निवड झाली ते लई चांगलं झालं, पर डिजिटल कुठून आनू? आज रविवार, छापखाना बंद." सगळे हुडकत हुडकत शाळेच्या मैदानापर्यंत आले. सर सर्वांच्या मागं होते. मॅट आपणच उचलावी, तर कळणार. न उचलावी, तर सापडणार नाही. मैदानाच्या कडेला राजनंदिनी बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

"सर, मॅटखाली बघा," ती म्हणाली. "मगापासून सूर मारला की कडकड वाजतंय."

त्या दिवसातलं तिचं ते बहुधा सातवं वाक्य होतं. डिजिटल बाहेर निघालं. विरोधकांनी ते शाळेतच आणून लपवलं म्हणजे त्यांची केवढी हिंमत, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. ज्ञानोबा मात्र पोरीजवळ जाऊन उभे राहिले. "पुण्यात थंडी लई असती का गं?" त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. "मंग सोलापूरहून चादर आनू," ते म्हणाले आणि दुसरीकडं तोंड फिरवून त्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले.

चौकात डिजिटल पुन्हा चढवायचं ठरलं तेव्हा शिडी शाळेची म्हणून सरांनाच वर चढवलं. मॅडम मोबाइल धरून समोर उभ्या राहिल्या. खालून उत्तरेश्वरराव हात करत होते, "सर, जरा वर घ्या, सोमलिंग मामा वाकडा दिसतोय." सरांनी तीन कोपरे बांधले. चौथ्याला आले तेव्हा खांबावर दुपारचा तो फाटका तुकडा अजून लोंबकळत होता. त्यांनी तो सरळ करून पाहिला. 'मार्गदर्शक' असं सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, आणि खाली शिवानंद सर स्वतः होते, लग्नातल्या कोटात, भांग पाडलेले. फाटलेली रेघ बरोबर नाकावरून गेली होती.

"म्या मुद्दाम घेतला हुता तुमचा, दुसऱ्या खेपंला," उत्तरेश्वरराव खालून म्हणाले. "पयल्यात राहून गेला, ते मनाला लागलं हुतं. वहिनींकडून फोटू आनला." ते शिडीला धरून थोडं जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, एक सांगू का? बाविसांना हात लावला न्हाय, नेमकं तुमचंच तोंड फाडलंय. गावात तुमचा कोनी तरी दुश्मन हाय. जरा सांभाळून ऱ्हावा."

"असेल," सर म्हणाले आणि खिशातून सुतळी काढून स्वतःचं नाक नीट जुळवून बांधू लागले.